सातवा धातू, शिसं आणि डाळिंबाचा रस

प्रश्न: डॉक्टर मॅडमना नमस्कार. वय ३३, लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. अक्कलकोट रोडला माझं जुन्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. बॅटऱ्या फोडून प्लेटा काढणं, शिसं वितळवून पट्ट्या ओतणं, रिपेरिंग, सगळं मीच करतो, हाताखाली एक पोरगा आहे. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, नळ्यांचा फोटोही झाला, सगळं नॉर्मल. मग माझी तपासणी केली तर माझा धातू पातळ निघाला. रिपोर्टची झेरॉक्स जोडली आहे. तंबाखू खातो. आठवड्यातून दोन-तीनदा क्वार्टर होते, जास्त नाही. मित्र म्हणाला, शिसं हा धातू अंगात भिनतो आणि त्यानं असं होतं. सांगोल्याला मामांची डाळिंबाची बाग आहे, त्यामुळे दीड महिन्यापासून रोज सकाळी उपाशीपोटी मोठा ग्लास डाळिंबाचा रस आणि आवळ्याचा रस घेतो. फळांतल्या अँटिऑक्सिडंटनं शिशाचं आणि दारूचं विष मरतं, धातू वाढतो, असं व्हिडिओत ऐकलं. उंदरांवर प्रयोगपण झालेत म्हणे. मला किती महिन्यांत गुण येईल? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: तुमच्या पत्रात 'धातू' हा शब्द तीनदा आलाय, दोनदा वीर्याला आणि एकदा शिशाला. आपल्या भाषेची ही गंमत. आयुर्वेदात रसापासून मोजत आलं की शुक्र हा सातवा धातू, आणि तुमच्या कढईत वितळतं ते शिसंही धातूच. तुमच्या बाबतीत कढईतल्या धातूनं सातव्याचा घास घ्यायला सुरुवात केलीय असं मला वाटतं. 'वाटतं' म्हणते, कारण रक्तातलं शिसं तुम्ही अजून तपासलेलंच नाही.

त्याआधी एक बोलून घेते. बायकोच्या नळ्यांचा फोटो काढून झाल्यावर तुमची पहिली तपासणी झाली. तो फोटो काढताना काय दुखतं, हे घरी एकदा विचारा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं नाहीतर बायकोच्या कारणाच्या जोडीनं. आणि पुरुषाची पहिली तपासणी म्हणजे एक डबी आणि अर्धा तास. तरी ती सगळ्यात शेवटी. पस्तीस वर्षं लॅब चालवतेय, हा क्रम काही बदलत नाही. असो.

आता रिपोर्ट. 'पातळ' हा शब्द डोक्यातून काढून टाका. वीर्य बाहेर आल्यावर आधी घट्ट गोळा होतं आणि अर्ध्या तासात आपोआप पातळ होतं. व्हायलाच हवं. बघायचे ते आकडे. तुमच्या एका मिलीत १ कोटी १० लाख शुक्राणू आहेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतली खालची रेषा १ कोटी ६० लाखांची आहे. पुढे सरकणारे तुमचे १४ टक्के, रेषा ३० टक्क्यांवर. ही रेषा पास-नापासची नव्हे. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांतले सगळ्यात खालचे पाच टक्के जिथं संपतात, तिथं ती ओढलेली आहे. म्हणजे तुमच्यासारखे आकडे असून बाप झालेले लोक आहेत. पण ते १४ टक्के मला आवडलेले नाहीत. शिवाय एका रिपोर्टवर निकाल द्यायचा नसतो. मागच्या तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड असा सणसणीत ताप येऊन गेला असेल तरी आकडे पडतात. तसं काही झालं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

शिशाची आणि माझी ओळख जुनी. लॅब नवी होती तेव्हाची गोष्ट. मोहोळकडचा एक तरुण पोटात कळा येतात म्हणून दाखल झाला होता, अपेंडिक्सच्या ऑपरेशनची तयारी चालली होती. त्याच्या रक्ताची काच माझ्याकडे आली. लेन्सखाली धरली तर तांबड्या पेशींत बारीक निळसर ठिपके, भोगीच्या बाजरीच्या भाकरीला तीळ लावावेत तसे. शिसं रक्त तयार करणाऱ्या एन्झाइमांना अडवतं तेव्हा हे ठिपके दिसतात. मी धावत वॉर्डात गेले, हिरड्या बघितल्या. कडेनं निळी-काळी रेघ होती. काम काय करतोस, तर शेती. बॅटरी नाही, रंग नाही, छापखाना नाही. शेवटी त्याच्या आईनं पिशवीतून पुडी काढली. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही, म्हणून कुणा फिरत्या वैदूकडून घेतलेलं भस्म. मूल व्हावं म्हणून पोरगा सहा महिने शिसं खात होता.

हे सांगितलं ते घाबरवायला नाही. अमेरिकेत बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती, त्याचा निष्कर्ष २००४ साली छापून आला. १४ औषधांत शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. रसासोबत ताकदीची एखादी पुडी चालू असेल आणि ती पत्रात लिहायची राहिली असेल, तर आजपासून बंद करा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

आता तुमच्या अँटिऑक्सिडंटकडे येते. व्हिडिओवाल्यानं हवेतून काढलेलं नाही हे. शुक्राणू म्हणजे डोकं, मानेशी एक छोटं इंजिन आणि लांब शेपूट. लांबच्या प्रवासाला निघायचं म्हणून बाकीचं सामान त्यानं वाटेतच टाकलेलं असतं. साध्या पेशीत राखणीला जी एन्झाइमं असतात ती पेशीच्या रसात राहतात, आणि ह्याच्याकडे तो रस जवळजवळ नाहीच. वरून त्याचं आवरण अतिशय नाजूक तेलांचं. आपली शेंगा चटणी बरणीचं झाकण उघडं राहिलं की आठ दिवसांत खवट लागते, तेच ह्या आवरणाचं होतं. खवट झालं की ताठरतं, आणि ताठरलं की शेपूट हलेना. जादा ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या शुक्राणूंची हालचाल मंदावते हे जॉन मॅक्लिऑड या संशोधकानं १९४३ सालीच नोंदवलं होतं. शिसं आणि त्याच्यासारखाच विषारी धातू कॅडमियम ह्या खवटपणाला दुहेरी मदत करतात. शरीरातले ग्लुटाथायोनसारखे राखणदार अडकवून ठेवतात, आणि जस्ताची जागा बळकावतात. शुक्राणूच्या डोक्यातला डीएनए घट्ट गुंडाळून ठेवायला जस्तच लागतं.

दारूचा रस्ता वेगळा, मुक्काम तोच. ती पचवताना ॲसिटाल्डिहाइड तयार होतं आणि त्याबरोबर तेच खवट करणारे रेणू. शिवाय टेस्टोस्टेरॉन घटतं, त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, आणि जस्त लघवीवाटे निघून जातं. 'क्वार्टर होते, जास्त नाही' असं तुम्ही लिहिलंय. १८० मिली, ४२.८ टक्क्यांची. हिशोब केला तर शुद्ध अल्कोहोल साधारण ६० ग्रॅम. दहा ग्रॅमचा एक पेग धरून मोजतात, म्हणजे एका बैठकीत सहा. ह्याला 'जास्त नाही' फक्त पिणाराच म्हणतो.

उंदरांचे प्रयोग खरे आहेत, आणि भरपूर आहेत. शिसं, कॅडमियम किंवा अल्कोहोल देऊन उंदरांचे शुक्राणू पाडायचे आणि डाळिंब, आवळा, हळद, द्राक्षाच्या बिया, कांद्यातलं क्वेर्सेटिन असं काहीतरी देऊन ते सावरतात का बघायचं. बहुतेकदा सावरतात. वाचून मलाही बरं वाटतं. पण त्यातल्या कितीतरी प्रयोगांत विष आणि उतारा एकाच दिवशी सुरू होतो, कधी तर उतारा आधी. उंदराला अर्क मिळतो तो किलोमागे मोजून, नळीनं थेट पोटात. आणि प्रयोगाच्या शेवटी विष थांबतं. तुमचं कुठं थांबलंय? सकाळी रस घेता आणि दहा वाजता परत कढई पेटवता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माणसांवरचे प्रयोग एवढे गोड नाहीत. अमेरिकेत २,३७० जोडप्यांतल्या पुरुषांना सहा महिने फॉलिक ॲसिड आणि जस्त, किंवा नुसती साखरेची गोळी दिली. २०२० साली निकाल आला. मूल झालेली जोडपी एका गटात ३४ टक्के, दुसऱ्यात ३५. औषधवाल्यांना फक्त पोटाच्या तक्रारी जास्त. त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, टोमॅटोतलं लायकोपीन असं सगळं एका गोळीत घालून पाहिलं, तीन महिन्यांनी आकडे हलले नाहीत. छोटे-मोठे सगळे प्रयोग एकत्र करून बघणारे म्हणतात की थोडा फायदा असावा, पण पुरावा कच्चा आहे. माझं मत विचाराल तर ज्याच्या ताटात भाजी-फळं नाहीत त्याला फायदा होईल, ज्याच्या ताटात आहेत त्याला गोळीनं फार काही होणार नाही. आणि ह्या खवट करणाऱ्या रेणूंचा शुक्राणूला थोडा उपयोगही असतो, बीजांडात शिरायची तयारी त्यांच्याशिवाय होत नाही. म्हणून दुकानातून तीन-तीन डबे आणून गिळायचे नाहीत.

मग डाळिंब सोडू का? कशाला सोडता! मामांचं भगवं डाळिंब, आपल्याकडे ते नाही खायचं तर कुठं? सोलापूरजवळ केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे (त्यांच्या डोक्याला तेल्या रोगाचाच ताप पुष्कळ, तुमचे शुक्राणू त्यांच्या यादीत नाहीत). फक्त रस कमी करा आणि दाणे खा. ग्लासभर रस म्हणजे पाच-सहा चमचे साखर, आणि सगळ्यात तेज अँटिऑक्सिडंट असतं ते सालीत आणि आतल्या पिवळ्या पापुद्र्यात, जे आपण फेकतो. आवळा एखादा पुरे, त्यात दिवसाची क जीवनसत्त्वाची गरज भागते. पेरूही चालतो. मुतखड्याचा त्रास असेल तर क जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. बाकी कांदा, शेंगा, तीळ, पालेभाजी, शिजवलेला टोमॅटो. आपल्या ताटात हे असतंच.

पण एक चूक आत्ता सुधारा. रस उपाशीपोटी घेऊन तसेच दुकानात जाता ना? रिकाम्या पोटी शिसं कितीतरी जास्त शोषलं जातं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखी. भाकरी, दूध किंवा दही, काहीतरी पोटात घालून घराबाहेर पडा.

आणि तंबाखू. कागदावर तुमचं दुकान पुरतं दिसत नाही, पण तळहात दिसतोय. प्लेटा काढलेला करडा हात, त्यावर चिमूटभर तंबाखू, नखानं चुना, वर अंगठ्यानं मळणं. कातडीतून शिसं फारसं जात नाही, जातं ते तोंडातून आणि धुरातून. तुम्ही दिवसातून सात-आठ वेळा शिसं तंबाखूत मळून गालात ठेवता. वर तंबाखूत स्वतःचं कॅडमियम असतंच. तेव्हा दुकानात खाणं, चहा, तंबाखू बंद. बाहेर पडताना हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, नखं कापलेली हवीत. वितळवण्याचं काम शक्यतो सोडा, जुन्या बॅटऱ्या परवानाधारक कारखान्याला विका. नाहीच सुटलं तर उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून करा, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, धूर त्यातून जातो, धातूच्या धुराला चालणारा मास्क लागतो. झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कामाचा शर्ट-पँट दुकानातच राहू दे, बायकोच्या धुण्यात नको. तिला दिवस जायला हवेत ना? पोटातल्या बाळाला शिसं आईकडूनच जातं. हाताखालच्या त्या पोराचंही रक्त तपासा. त्याचं वय तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारत नाही, पण अठराच्या आतला असेल तर उद्यापासून तो तिथं नको.

रक्तातलं शिसं तपासायला शिरेतून रक्त घेतात. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून तोडा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. ४० च्या वर गेलं तर शुक्राणूंवरचा परिणाम बहुतेक अभ्यासांत दिसतो. काम थांबवलं की रक्तातलं शिसं महिनाभरात साधारण निम्म्यावर येतं, पण हाडात मुरलेलं वर्षानुवर्षं थोडं थोडं झिरपत राहतं. सात धातूंतल्या अस्थीत जाऊन बसलेलं ते डाळिंबानं बाहेर निघत नाही. फार वर गेलेलं असेल तर दवाखान्यात औषधानं काढतात, ते डॉक्टर ठरवतील. 'डिटॉक्स'च्या नावानं कुणी काही देऊ केलं तर घेऊ नका. मूत्ररोगतज्ज्ञाला एकदा दाखवाच, अंडकोशाच्या शिरा फुगलेल्या असतील तर ते हातानं तपासून कळतं आणि त्यावर इलाज आहे.

किती महिन्यांत गुण, हे विचारलंत. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, वर बाहेर पडायच्या वाटेवर दहा-बारा दिवस. दारू पूर्ण बंद, तंबाखू बंद, कढई बंद, हे दसऱ्याला सुरू केलंत तर नवे शुक्राणू संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत येतील. नंदीध्वज बघून झाले की तपासणी करा. दीड महिन्याच्या रसावर आत्ताच तपासणी केली तर पैसे वाया.

प्रश्न: माझे मिस्टर सोनारकाम करतात, दिवसभर फुंकणीवर दागिन्यांचे सांधे जोडायला डाक लावतात. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य आले. त्यांना डाळिंब आणि आवळा सुरू करू का?

उत्तर: खाऊ द्या, पण शून्यावर फळाचा इलाज नाही. ताई, शून्य आलं की आधी दोन गोष्टी बघायच्या. तयारच होत नाहीत, की तयार होतात पण वाट बंद आहे? रक्तातले हार्मोन आणि तज्ज्ञाची तपासणी ह्यावरून बरंच कळतं. वाट बंद असेल तर कधी ऑपरेशन, कधी सुईनं शुक्राणू काढून घेता येतात. वयात आल्यावर गालगुंड झालं होतं का, लहानपणी अंडकोशाचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं का, हे सासूबाईंना विचारून जा. डॉक्टर विचारतीलच.

फुंकणीबद्दल लिहिलंत ते मात्र महत्त्वाचं. 'केडीएम'चे दागिने म्हणतो ना आपण, त्यातलं केडीएम म्हणजे कॅडमियम घातलेलं डाक. कॅडमियम ३२१ अंशांना वितळतं, आणि ज्योतीखाली त्याची वाफ कारागिराच्या नाकात जाते. हॉलमार्कच्या दागिन्यात ते चालत नाही, तरी जुना साठा काही ठिकाणी असतोच. मिस्टरांना विचारा, डाक कुठलं? कॅडमियमनं उंदरांचे वृषण नासतात हे १९५० च्या दशकातच दाखवलं गेलं होतं, जस्त बरोबर दिलं तर वाचतात हेही. पण म्हणून जस्ताच्या गोळ्या खात फुंकणी मारायची नसते. जस्ताचं डाक वापरा, वर धूर ओढणारा पंखा लावा.

प्रश्न: तपासणीसाठी लॅबमध्ये नमुना द्यायला फार अवघडल्यासारखं होतं. घरून आणला तर चालतो का?

उत्तर: चालतो, घर जवळ असेल तर. त्याबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. बार्शीहून एका गृहस्थांनी मे महिन्यात एसटीनं नमुना आणला, जेवणाच्या डब्यात, खाली बर्फ. मी वेळ विचारली नाही. 'हालचाल जवळजवळ नाही' असा रिपोर्ट दिला. त्या घरात काय झालं असेल, विचार करा. महिन्यानं लॅबमध्येच नमुना घेतला तर आकडे ठीक निघाले. तेव्हापासून वेळ लिहिल्याशिवाय डबी घेत नाही.

दोन ते सात दिवसांचा संयम हवा. डबी आमच्याकडूनच घेऊन जा, लोणच्याची बाटली धुऊन आणू नका, साबणाचा अंशही पुरतो मारायला. कंडोममध्ये आणू नका. पहिला थेंब सांडला असेल तर तसं सांगा, सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची, आणि तासाच्या आत पोचवायची. गाडीच्या डिकीत नाही, सोलापूरच्या उन्हात तर मुळीच नाही. सकाळी नऊला या, गर्दी नसते. खिडकीवरच्या मुलीला नाव सांगायची गरज नाही, चिठ्ठी तेवढी द्या.